सोड्यातली धोतरजोडी

उद्धवरावांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या धुतल्या होत्या. त्यामुळं अर्धं रसायनशास्त्र आपल्या बोटांत आहे आणि उरलेलं बिनकामाचं आहे, अशी त्यांची खात्री होती!

दुपारी मुलीचा, रूपालीचा साखरपुडा. व्याही होणार इचोड्याचे ढाबेवाले चंपतराव. उद्धवरावांनी त्यांना गल्ल्यामागच्या उंच खुर्चीत बसलेलंच पाहिलं होतं. छाती दरवाजाएवढी, मिशा म्हशीच्या शिंगांएवढ्या! अशा माणसाला साधी सुती धोतरजोडी द्यायची?

"रेशमावानी चमकवतो!" उद्धवराव सकाळीच गरजले.

"कायनं?" त्यांच्या बायकोनं, बयनाबाईंनी विचारलं.

"कॉस्टिक सोड्यानं! मिठाच्या पाण्यात करंट सोडला का तयार होते. त्यानं सूत फुगते, चमकते!"

सोड्याचा पुडा उघडा राहिलेला. हवेतलं पाणी पिऊन सोडा ओलाचिंब! हातमोजे चढवून उद्धवरावांनी तो पाण्यात टाकला. चूल नाही, जाळ नाही, तरी पाणी तापलं, आणि बयनाबाईंच्या माहेरचा जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, फसफसायला लागला!

"अवो, माहा गंज उकळून राह्यला!"

"उकळून नाही, विरघळून राह्यला!" उद्धवराव शांतपणे म्हणाले.

पाणी प्लास्टिकच्या टबात ओतेपर्यंत गंजाची चाळणी झाली होती. शेवया पाडाव्यात अशी!

पाणी निवलं. धोतरं बुडवून दोघांनी टोकं ताणून धरली.

"ढील देऊ नको, आटते!"

धोतरं चमकायला लागली, तोच घरातून दूध करपल्याचा वास आला. बयनाबाई टोक सोडून धावल्या! धोतरांनी गोगलगायीसारखं अंग आत घेतलं. धुतली, सोडा मारायला चिंचेच्या पाण्यातून काढली, ओढली. जोडी वीतभरही वाढेना! आता दुसरी आणायला वेळ कुठला?

"सोयरीक मोडते आता!" बयनाबाईंनी डोक्याला हात लावला.

जीप आली. चंपतराव उतरले. उभे राहिले, तरी अजून बसलेलेच आहेत असं वाटत होतं! गल्ल्यामागच्या त्या खुर्चीनं आजवर केवढी लबाडी केली होती!

आहेराचं धोतर त्यांनी तिथंच नेसलं. बरोब्बर घोट्यापर्यंत!

"व्याहीबुवा! आजवर मले कोनी मापाचं धोतर देलं नाही. सारे पायात येतात!"

उद्धवरावांची छाती फुगली. "नजरेनंच माप घेतो ना मी!"

"मंग जोडीतलं दुसरं तुमी नेसा! फोटोत व्याही-व्याही सारखे दिसले पायजे!"

उद्धवराव सहा फूट दोन इंच.

तो फोटो आज ढाब्यावर, गल्ल्याच्या वरच टांगलाय. धोतर चमकतंय, यात वाद नाही. पण गिऱ्हाइकं विचारतात ती चंपतरावांच्या शेजारच्या त्या दोन गुडघ्यांबद्दल!