स्वतंत्र लाइन

दातांच्या डॉक्टरांनी नवा ॲम्प्लिफायर लावला, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि पहिल्याच सुरामागून त्यांना खरखर ऐकू आली. तीस वर्षं ड्रिलची घरघर आणि लोकांचं कण्हणं ऐकलेल्या कानांना निवृत्तीनंतर एक स्वच्छ सूर हवा होता, बाकी काही नाही. दुकानदार फोनवर म्हणाला, "दोष मशीनमध्ये नाही, तुमच्या घरच्या विजेत आहे. मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या."

वायरमन आला. त्याने भिंतीवर जागोजागी टकटक केली, मान डोलावली आणि म्हणाला, "थोडंच फोडावं लागेल." असाच चेहरा करून डॉक्टरांनी हजारो लोकांना "थोडंच दुखेल" म्हणून सांगितलं होतं. त्या 'थोडं'चा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला.

दुपारपर्यंत दारापासून बैठकीच्या खोलीपर्यंत भिंतीला लांबलचक झिरी पडली. धूळ साखरेच्या डब्यात शिरली, डॉक्टरांच्या नाकात तर गेलीच. मग छिन्नीखाली काहीतरी कटकन तुटलं आणि घरातले सगळे पंखे फिरत फिरत थांबले.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जुनी वायर मध्ये आली. ती कुठून गेलीय ते बाहेरून कसं दिसणार?"

"मी एक्स-रे काढल्याशिवाय दाताला हात लावत नव्हतो."

"भिंतीचा निघत असता तर मीही काढला असता." वायरमनने तुटलेलं टोक ओढलं, तसं त्यावरचं आवरण भुगा होऊन पडलं. "किडलंय हे सगळं, डॉक्टर. एक बदललं तर शेजारचं हलतंय. पूर्ण घराची वायरिंग काढावी लागेल. दहा-बारा दिवस धरा."

डॉक्टरांना वाद घालता येईना. तीस वर्षं हेच निदान ते लोकांना सांगत आले होते.

संध्याकाळी स्वतंत्र लाइन तेवढी चालू झाली. काळोख्या घरात वीज असलेली ती एकच जागा. डॉक्टरांनी संगीत लावलं. खरखर पार गेली होती. वादकाचं बोट तारेवरून सरकलेलंही ऐकू आलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहायला आणि बायको फ्रिजची वायर हातात घेऊन दारात यायला एकच गाठ पडली.

"अहो, दूध नासेल."

फ्रिजमागून पंखा आला, मग इस्त्री. ॲम्प्लिफायर धुळीच्या भीतीने खोक्यात गेला. चौथ्या दिवशी बायकोने शिवणाचं मशीनही बैठकीत आणलं. तिला कुणाचे तरी पडदे शिवून द्यायचे होते.

बारा दिवसांचे अठरा झाले, पण घर उजळलं. डॉक्टरांनी स्वतः फ्रिज ढकलत स्वयंपाकघरात नेला आणि घाम पुसत मशीनपाशी आले. "चल, हे आतल्या खोलीत ठेवू."

बायकोने टाक्यावरची नजर काढली नाही. "सतरा वर्षं हे मशीन मध्येच अडखळायचं. मी शिवण उसवायची, पुन्हा घालायची. मला वाटायचं, माझाच हात चुकतो. इथं आल्यापासून एकदाही अडखळलं नाही."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, मला तर बरं दिसतंय."

डॉक्टरांनी हळूच वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "आतली लाइन नवी असली तरी सगळ्या घराला मिळून आहे. पाण्याचा पंप लागला की वीज खालीवर होणारच." आणखी एक स्वतंत्र लाइन ओढायची, तर कालच सुकलेलं प्लास्टर पुन्हा फोडायचं. त्यांनी फोन ठेवला.

बैठकीत मशीनच्या घरघरीत सूर ऐकू येणार नव्हता, म्हणून शेवटी ॲम्प्लिफायरच आतल्या खोलीत गेला. कपाट आणि पलंग यांच्यामध्ये खुर्ची कशीबशी मावली. डॉक्टरांनी संगीत लावलं. खरखर होतीच. ती बुडावी म्हणून त्यांनी आवाज वाढवला.

"अहो," बाहेरून बायको म्हणाली, "जरा हळू लावा. मशीन कसं चालतंय ते ऐकू येत नाही."

डॉक्टरांनी आवाज कमी केला. आता सूर ऐकू येईना. खरखर मात्र अगदी स्पष्ट येत होती.