ब्रेकबाईंचा कडक ब्रश

"डॉक्टर, क्लच हळू सोडा! हळू म्हणजे हळू! गाडी आहे ती, बेडूक नव्हे!"

एवढं ओरडून ब्रेकबाईंनी श्वास घेतला, आणि नेमकं त्याच वेळी स्टिअरिंगवर बसलेल्या दातांच्या डॉक्टरांनी रस्ता सोडून त्यांच्या तोंडात बघितलं.

"बाई, तुमच्या हिरडीतून रक्त येतंय."

"समोर बघा!"

"खालच्या पुढच्या दातापाशी. हिरडी सरकलीय हो. कडक ब्रश वापरता ना?"

"अहो, कुंडी! कुंडी!"

कुंडी गेली. फुलवाल्याच्या दारातली, चांगली गुडघाभर उंच. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि तो वेळेवर दाबण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून तर त्यांचं हे नाव पडलं होतं. आज मात्र त्यांनी आधी तोंडावर हात ठेवला आणि मग ब्रेकवर पाय. फुलवाला खराटा घेऊनच बाहेर आला. त्याची समजूत घालता घालता बाईंच्या नाकी नऊ आले.

खरं सांगायचं तर डॉक्टर चुकीचं बोलले नव्हते, आणि बाईंना राग होता तो त्याचाच. त्या दात घासत नसत, तासत. सकाळी बेसिन लाल झालं की नवऱ्याच्या नजरेला पडायच्या आत नळ सोडून मोकळ्या होत. रात्री तर ब्रशला हातच नाही, अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला सुरुवात. हल्ली तो खालचा दात जिभेनं ढकलला की किंचित हलायचा. त्या दातासाठी बाईंचा जीव आतून थोडा थोडा झाला होता. पण म्हणून काय ज्याला पहिला गिअर सापडत नाही, त्यानं आपल्याला ब्रश शिकवायचा?

"जोर लावल्याशिवाय कधी काही स्वच्छ होतं का?" गाडी मागे घ्यायला लावत त्यांनी विचारलं.

"दात म्हणजे फरशी नव्हे, बाई. मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेला तिरका धरा, छोटे छोटे गोल फिरवा. आणि हळू."

"हळू हा माझा शब्द आहे! तो मला शिकवू नका!"

"मग ऐका ना त्याचं."

बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. आजवर त्यांना उलटून बोलायची कुणाची छाती झाली नव्हती.

"ठरलं तर मग! तुमची लायसन्सची परीक्षा येतेच आहे. पास झालात तर तुमचा मऊ ब्रश वापरीन. नापास झालात तर माझ्या दातांचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," डॉक्टर म्हणाले, आणि गाडी बंद पाडली.

रात्री जेवताना बाईंनी सगळं रंगवून सांगितलं. नवऱ्यानं आमटी वाढून घेत विचारलं,

"अगं, म्हणजे तो नापास व्हावा असं तुला वाटतंय?"

"वाटतंयच मुळी!"

"आणि तुझ्या हाताखालचं आजवर कोण नापास झालंय?"

"एकही नाही! हिंमत आहे कुणाची?" असं ठणकावून बाई थांबल्या. घास हातातच राहिला. आपणच खड्डा खणून आपणच त्यात उभ्या राहिलोय, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरांना असं काही पिदडलं की बिचाऱ्यांचं वजन उतरलं. नापास व्हावेत म्हणून की पास व्हावेत म्हणून, ते बाईंचं बाईंनाच ठाऊक नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक मागच्या सीटवर बसले. "बाई, तुमचा पाय ब्रेकला लागला की हे नापास. आणि तोंडातून अवाक्षर नको."

सगळं बरं चाललं होतं. मग चढ आला. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा काढायची, इथेच भल्याभल्यांचं घोडं अडतं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम फुटला. गाडी हलली, पण मागच्या बाजूला.

बाईंचा पाय शिवशिवला. नुसता अंगठा टेकवायचा अवकाश, की कडक ब्रश आपला, दात आपले आणि जन्मभराची कटकट बंद. मनात हे येताच त्यांना स्वतःचीच चीड आली. छे! मी पाय लावायचा? माझ्या गाडीत? त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर सरळ मांडी घालून बसल्या. परीक्षक डोळे विस्फारून बघत राहिले.

शेजारी डॉक्टर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, "हिरडीवर... अलगद... दाबायचं नाही..." आणि क्लच असा सुटला की गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चढ चढून गेली.

"पास," परीक्षक म्हणाले.

"होणारच!" बाई गरजल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

पण शब्द म्हणजे शब्द. संध्याकाळी त्या ताठ मानेनं दवाखान्यात हजर झाल्या. डॉक्टरांनी दात हलवून बघितला, हिरड्या साफ केल्या. "वाचेल हा. पण नीट घासलंत तरच." मग एक मऊ ब्रश त्यांच्या हाती दिला.

"हा ब्रश आहे की मोरपीस?" बाईंनी नाक मुरडलं. तरी बेसिनपाशी उभं राहून हळूहळू, गोल गोल, पुरती दोन मिनिटं दात घासले. मग डॉक्टरांनी एक रंगीत औषध दिलं. "चूळ भरा. जिथे मळ राहिला असेल तिथे रंग चढेल."

बाईंनी चूळ भरली आणि आरशासमोर ऐटीत तोंड उघडलं. पुढून दात पांढरेशुभ्र. डॉक्टरांनी छोटा आरसा आत घातला, तर खालच्या दातांची आतली बाजू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुलाबी.

"इकडे तुम्ही फिरकलाच नाहीत."

"आत कोण बघतंय?"

डॉक्टरांनी शांतपणे हातमोजे काढले. "नापास."

बाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वळवून आत बघितलं. ब्रेकबाईंनी हा निकाल कधी कुणासाठी ऐकला नव्हता, स्वतःसाठी तर नाहीच.

"काय म्हणालात?"

"नापास. सकाळी घासा, रात्री झोपायच्या आधी न चुकता घासा, आणि पुढच्या आठवड्यात परत या."

"पुढचा आठवडा?" बाई खुर्चीतून उसळल्या. "उद्या येते! सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दारात उभी राहते, आणि बघतेच मला कोण नापास करतो ते!"

तणतणत त्या दारापर्यंत गेल्या, तशाच मागे फिरल्या आणि टेबलावरचा आणखी एक मऊ ब्रश उचलला.

"हा कुणासाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाडीत ठेवायला. सिग्नलला सराव करीन."