बॅटरीसाहेबांची पिकअप

चार वाजता मैदानावर मोठे साहेब येणार होते, आणि सकाळी नऊला बॅटरीसाहेबांच्या घरची वीज गेली.

बॅटरीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गाड्यांच्या कारखान्यात गेली तीन वर्षं ते एकच घोकत होते, की पिकअप नुसत्या विजेवर चालेल, तिच्यात थेंबभर पेट्रोल नको. इंजिन विभागाने चेष्टेने हे नाव पाडलं. आज पिकअप मालासकट चाचणीच्या मैदानावरची चढण चढली तर ती बाजारात येणार, नाहीतर कायमची गुंडाळली जाणार, असं मोठ्या साहेबांनी बजावलं होतं. म्हणून बॅटरीसाहेबांनी ती घरी आणून, पूर्ण चार्ज करून, स्वतःच्या हाताने पुसून ठेवली होती.

"अहो, गाडीला मागे प्लग आहेत ना? फ्रिज लावू का?" बायकोने विचारलं.

ते प्लग म्हणजे साहेबांची लाडकी करामत. छाती फुगवून ते म्हणाले, "फ्रिज काय, अख्खी बिल्डिंग लाव!"

हे वाक्य जिन्यातून थेट खाली पोचलं. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर धावत आले. "साहेब, पेशंट आ करून बसलाय. अर्धी दाढ कोरून झालीय. त्याला काय सांगू, उद्या ये?"

माणुसकीला धरून डॉक्टरांची वायर लागली. मागोमाग शिंपीणबाईंची इस्त्री आली, कारण सोळा गणवेश दुपारी द्यायचे होते. मग कोपऱ्यावरचा वेल्डर आपलं यंत्र घेऊन आला. "एवढं एक गेट जोडतो. काय गाडी बनवलीय साहेब! तोड नाही."

नाही म्हणायला साहेबांची जीभ रेटेना. तीन वर्षांत कौतुकाचा शब्द कानावर पडला नव्हता, आणि इथे तर वायरी घेऊन माणसं रांगेत उभी होती. ते खुर्ची टाकून सगळ्यांना पिकअपचे गुण सांगत बसले. बारा वाजता त्यांनी सहज काच पुसली आणि आत पाहिलं. चार्ज नऊ टक्के उरला होता.

साहेब वायरींकडे धावले. "काढा! सगळ्या वायरी काढा! माझी तीन वर्षं पाण्यात गेली हो!"

"वीज कधी येणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"संध्याकाळी सहाला, असं सांगतायत," शिंपीणबाई म्हणाल्या.

वेल्डरने डोकं खाजवलं. "माझा जनरेटर लावू का?"

"तुझ्याकडे जनरेटर आहे? मग इथे कशाला आलास?"

"त्याला पेट्रोल लागतं साहेब. तुमचं फुकट होतं."

भांडायला वेळ नव्हता. जनरेटर पिकअपच्या हौद्यात चढला. चालत्या गाडीला चार्जिंग होऊ नये, अशी सोय साहेबांनीच केली होती. ती त्यांनीच निमूटपणे काढून टाकली. वर ताडपत्री टाकली. जनरेटर मध्येच बंद पडायचा, म्हणून ताडपत्रीखाली वेल्डरही बसला. तीन तास धडधड चालली आणि मग वरात मैदानाकडे निघाली. वाटेतही धडधड चालूच होती.

पिकअप मालासकट चढण चढली. साहेबांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच मोठ्या साहेबांनी कान टवकारले.

"विजेच्या गाडीला हा आवाज कसला?"

"तो... माल आहे, साहेब."

तेवढ्यात मालाने ताडपत्रीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, पेट्रोल संपत आलंय."

इंजिन विभागाचे लोक खो खो हसायला लागले. मोठे साहेब मात्र हौद्यात चढले. जनरेटर पाहिला, वायर कुठे जाते तेही पाहिलं.

"म्हणजे चाकं विजेवरच फिरतात, आणि वाटेत चार्ज संपला तर हा भरतो?"

"हो साहेब," वेल्डर म्हणाला. "नऊ टक्क्यांवरून इथवर आणली."

मोठ्या साहेबांनी खाली उतरून बॅटरीसाहेबांच्या पाठीवर थाप मारली. "गिऱ्हाईक एकच विचारतं, रानात गाडी बंद पडली तर काय? याचं उत्तर तुम्ही दिलंत. पिकअप मंजूर! पण हा जनरेटर आतमध्ये नीट बसवा. आणि इंजिन विभाग उद्यापासून तुमच्याकडे."

बॅटरीसाहेबांनी तोंड उघडलं. थेंबभर पेट्रोल नको, हे तीन वर्षं घोकलेलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. समोर त्यांची पिकअप उभी होती, लाडकी, धुळीने माखलेली, आता कोणीही गुंडाळणार नव्हतं अशी.

"टाकी," ते घसा खाकरून म्हणाले, "जरा मोठी ठेवू या, साहेब."