निकामी असल्याचा दाखला

आमच्या धाकट्याला डाइव्ह कॉम्प्युटर हवा होता आणि तो नियमाप्रमाणे मिळायचा होता. एवढीच गोष्ट. यात कोणाचा जीव जाण्यासारखं काही नव्हतं, धाकट्याचा सोडून.

धाकटा पाणबुड्या आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या तळाशी एक लोखंडी जाळी आहे. तिच्यात पालापाचोळा अडकतो, चपला अडकतात, एकदा अख्खी खुर्ची अडकली होती. ती साफ झाली की नळाला पाणी येतं. साफ करायला हा खाली जातो आणि वर नावेत दोरी धरून मी बसते. त्याच्या आधी त्याच्या बापासाठी बसत होते. दोरीला हाताहातावर गाठी आहेत, शेजारी बरणीत गजराचं घड्याळ आहे. किती गाठी खाली गेला, किती मिनिटं झाली, वर येताना कुठल्या गाठीला किती थांबवायचा, हे मी ठरवते. खोल पाण्यातून माणूस घाईने वर आला की रक्तात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे होतात. थांबत थांबत आला की होत नाहीत. तेवीस वर्षांत माझ्या दोरीवरून एकही माणूस वाकडा होऊन वर आला नव्हता.

मग तलावाची भिंत उंच केली. पाणी वाढलं, माझा हिशेब होता तेवढाच राहिला. गेल्या खेपेला धाकटा वर आला तो खांदा धरून. डॉक्टर म्हणाले, या वेळी खांद्यावर निभावलं, पुढच्या वेळी पाय जातील. एवढ्या खोलीला मनगटावर कॉम्प्युटर पाहिजे. घड्याळासारखा असतो, खोली मोजतो, वेळ मोजतो आणि वर येताना कुठे किती थांबायचं ते स्वतः सांगतो. एवढ्याशा डबीने माझ्या जागेवर बसायचं, हे काही मला गोड लागलं नाही. पण पोराच्या पायांपुढे माझं नाक ते केवढंसं.

पाणीपुरवठा कार्यालयाने अर्ज वाचून ताबडतोब, म्हणजे चार महिन्यांनी, निवड समिती नेमली. अध्यक्ष उद्यान विभागाचे साहेब, कारण त्या आठवड्यात ते मोकळे होते. सदस्य भांडारपाल, कारण वस्तू शेवटी त्यांच्याच कपाटात राहणार. पोहता दोघांनाही येत नव्हतं, तेव्हा निर्णय निःपक्षपाती होणार याबद्दल शंकाच नव्हती.

टेबलावर तीन नमुने मांडले. धाकट्याने दोनच गोष्टी मागितल्या: गढूळ पाण्यात आकडे दिसले पाहिजेत आणि जाड हातमोज्यातून बटण दाबलं गेलं पाहिजे. समितीने हे 'वापरकर्त्याचा वैयक्तिक आग्रह' म्हणून नोंदवून बाजूला ठेवलं आणि शास्त्रीय चाचणी सुरू केली. तिन्ही यंत्रं टेबलावर तासभर ठेवली. तिन्हींनी शून्य दाखवलं. तिन्ही प्रामाणिक आहेत, असा अभिप्राय पडला. मग शिपायाने बादली आणली. बादलीत एक यंत्र टूं टूं करू लागलं, ते कार्यालयीन शांतता बिघडवतं म्हणून बाद झालं. उरलेल्या दोघांत अध्यक्षांनी मोठ्या आकड्यांचं निवडलं, कारण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. धाकट्याला नेमकं तेच हवं होतं. अशी चूक सरकारात क्वचित होते.

आम्ही उठणार तेवढ्यात भांडारपालांनी फॉर्मचा अकरावा रकाना काढला. विद्यमान उपकरण.

"सध्या काय वापरता?" त्यांनी विचारलं.

"आई," धाकटा म्हणाला.

त्यांनी लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "चालू स्थितीत आहे?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला त्याच घरात राहायचं होतं. "आहे की," तो म्हणाला.

तिथेच फाइल अडली. जुनं उपकरण चालू असताना नवं देता येत नाही. आधी जुनं तपासायचं, निकामी ठरवायचं, तसा दाखला जोडायचा. समितीने माझ्या तपासणीची तारीख दिली.

घरून निघताना सून म्हणाली, "आई, आयुष्यात एकदा चुका. पाया पडते." मी म्हटलं, चुकीन, त्यात काय एवढं अवघड आहे. समिती तलावाच्या काठी खुर्च्या टाकून बसली होती. त्यांनी एक दगड दोरीला बांधून माझ्या मुठीतून पाण्यात सोडला आणि किती गाठी गेल्या, किती वेळ झाला ते मला पाठ फिरवून सांगायला लावलं. मी चुकीचं उत्तर तोंडात तयार ठेवलं होतं. इतक्यात अध्यक्ष भांडारपालांना हळूच म्हणाले, "सोडा हो, या वयात काय कळणार."

"बारा गाठी, सतरा मिनिटं," मी म्हटलं. "आणि साहेब, तुमच्या शर्टाचं बटण एक काज चुकलंय."

अहवाल आला: उपकरण उत्तम स्थितीत, मागितलेली नसलेली माहितीही देते. फाइल बंद.

सून माझ्याशी बोलेना. जेवताना मी पाहिलं, धाकटा डाव्या हाताने घास घेत होता. उजवा अजून तोंडापर्यंत जात नव्हता. हात धुतले आणि फेरतपासणीचा अर्ज मी स्वतः, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिला.

या वेळी मी काळजावर दगड ठेवून गेले. वार विचारला तर म्हटलं, तुम्हीच ठरवा. गाठी विचारल्या तर म्हटलं, मोजल्या नाहीत, गाठीच त्या, पळून थोड्याच जातायत. मग अध्यक्षांनी विचारलं, "मी कोण आहे सांगा पाहू." मी नीट न्याहाळून म्हटलं, "माळी." हे उत्तर सगळ्यांत मोठी चूक म्हणून लाल शाईने लिहिलं गेलं. बाकीच्या उत्तरांचं मला वाईट वाटलं, याचं नाही.

पण बिघडलेलं उपकरण एकदम टाकून देता येत नाही. आधी दुरुस्ती. मला इस्पितळात पाठवलं. तिथे कानातला मळ काढला, दोन दाढा काढल्या, गुडघ्याला तेल दिलं. मी पहिल्यापेक्षा चांगली चालू लागले आणि फाइल पुन्हा बंद पडायची वेळ आली. शेवटी भांडारपालांनाच कणव आली. त्यांनी नियमावली उलटसुलट चाळली. जलीय उपकरणांचं आयुर्मान पंधरा वर्षं. माझी सेवा तेवीस वर्षं. म्हणजे मी आठ वर्षांपूर्वीच निकामी झाले होते आणि तेव्हापासून बेकायदेशीरपणे अचूक वेळ सांगत होते.

दाखला मिळाला: एक नग, निकामी. त्याबरोबर आदेशही आला की निकामी सामान कामाच्या जागी ठेवण्यास मनाई आहे. नावेत पाऊल टाकायचं नाही.

कॉम्प्युटर आला. अध्यक्षांनी तो नव्वद दिवसांच्या चाचणीसाठी स्वतःच्या मनगटावर बांधला. आता धाकट्याकडे खाली जायला ना आई होती, ना यंत्र. इकडे जाळी तुंबत चालली होती. कामावर ये म्हणून निरोप आला तेव्हा मी त्याचा रबरी पोशाख धान्याच्या कोठीत टाकला, झाकण लावलं आणि वर बसले. धाकटा म्हणाला, नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, नोकरी चालत परत येईल, तू येणार नाहीस.

नवव्या दिवशी शहराचे नळ कोरडे पडले. दहाव्या दिवशी नागरिकांनी अर्ज दिला. अर्जावर चारशे बारा सह्या होत्या, आणि कार्यालयाने चारशे बारा सह्या एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. संध्याकाळी हुकूम आला: पाणबुड्याने उद्या सकाळी सात वाजता यंत्राविना उतरावे, अन्यथा कामावरून कमी.

मी तडक उद्यान विभागात गेले. अध्यक्षांच्या टेबलाजवळ प्रवासाची बॅग होती. सकाळच्या विमानाने ते परदेशी गवताचा अभ्यास करायला निघाले होते. मला पाहून त्यांनी मनगट पुढे केलं. "बघा आजी, एक्केचाळीस दिवस झाले. एकदाही धोका दाखवला नाही. यंत्र उत्तम आहे. अजून एकोणपन्नास दिवस थांबा."

"छान," मी म्हटलं. "सोबतचं पुस्तक वाचलंत ना? पाण्यातून वर आलेल्या माणसाने चोवीस तास विमानात बसायचं नाही, असं लिहिलंय. धाकट्याने वाचून दाखवलं मला. बसला तर रक्ताचा सोडा होतो."

"मी कुठे पाण्यात गेलोय?"

"आंघोळीला काढून ठेवता का हे?"

अध्यक्षांनी मनगटाकडे पाहिलं आणि बॅगेकडे पाहिलं. मग त्यांनी पट्टा सोडला, यंत्र दोन बोटांनी टेबलावर ठेवलं आणि 'अपरिहार्य कारणास्तव हस्तांतरण' असं लिहून सही केली.

सकाळी सात वाजता धाकटा उतरला. मी निकामी असल्यामुळे काठावर उभी होते. वर येताना त्या डबीने त्याला तीन ठिकाणी थांबवलं. त्यातल्या एका जागी मी त्याला कधीच थांबवलं नसतं, ओढून घेतलं असतं. हे मी कोणाला बोलले नाही, इथेच लिहितेय. तो वर आला, नावेच्या काठाला दोन्ही हातांनी धरून सरळ चढला.

नंतर मी कार्यालयातून नागरिकांच्या अर्जाची प्रत मागून घेतली. माझं वाचन अडखळत चालतं, म्हणून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. 'यंत्राच्या सबबीखाली विलंब न करता सदर इसमास आहे त्या स्थितीत खाली पाठवावे,' असं दुसऱ्या ओळीत आहे. सही करण्याआधी तुम्ही ते वाचलंत की नाही, कोण जाणे. तुमची तिसऱ्या पानावर आहे, वरून सातवी. अक्षर सुबक आहे.

पाणी आता पुरेशा दाबाने येतंय ना?