भोंग्यावरचा निबंध

मनुष्यजातीच्या उन्नतीचा इतिहास बारकाईने न्याहाळला असता असे दिसून येते की, ज्या समाजाने ह्या गोष्टीची वेळीच कदर केली तो पुढे गेला, आणि ज्याने तिच्याकडे दुर्लक्ष केले तो मागे पडला. विद्वानांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. सोलापुरात ते मंगळवार पेठेतल्या एका सुताच्या वखारीच्या माडीवर, रोज सकाळी साडेसहा ते पावणेआठ या वेळात रीतसर शिकवले जात असे.

हा गंगाधरपंतांचा निबंधवर्ग. पंत सव्वीस वर्षे गिरणीत टाइमकीपर होते. त्यांनी जन्मात एकही निबंध लिहिला नव्हता (त्यामुळे त्यांची दृष्टी निःपक्षपाती राहिली होती). त्यांचा सिद्धांत साधा होता. वेळेत न संपलेला निबंध हा निबंध नव्हे. आणि वेळेत संपलेला कोणताही मजकूर हा निबंध होय. बाकी सगळे हस्ताक्षर.

त्या काळी मराठी सातवीची परीक्षा, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, हा सरकारी नोकरीचा उंबरठा होता. ती पास झालेला माणूस मास्तर, तलाठी किंवा कारकून होई. नापास झालेला पूर्वी जो होता तोच राही. या परीक्षेत निबंधाचा पेपर सव्वा तासाचा असे आणि तिथेच पुष्कळांची गाडी अडे. पंतांच्या वर्गाचा निकाल मात्र पाहण्यासारखा होता. तीन वर्षांत एकशे सतरा उमेदवार बसले, एकशे चौदा पास झाले. उरलेल्या तिघांपैकी एकाला कांजिण्या आल्या, एकाचे ऐन वेळी लग्न निघाले आणि एकाने स्वतःचे विचार लिहिले.

पंतांची पद्धत अशी: निबंधाला आरंभ, मध्य आणि शेवट असे तीन भाग असतात. हे आयत्या वेळी तयार करायला बसणे म्हणजे पंगत बसल्यावर पीठ दळायला घेणे. म्हणून वर्गात तीन आरंभ, चार शेवट आणि एक मध्य तोंडपाठ करून घेत. पहिला आरंभ "ईश्वराने निर्माण केलेल्या या विशाल सृष्टीत" असा होता. दुसरा "प्राचीन काळी आपल्या देशात" असा होता. तिसरा सर्वांत गुणकारी. तो वाचकांच्या परिचयाचा असल्याने पुन्हा देत नाही. मध्यात एक जागा मोकळी सोडलेली असे, तिथे विषयाचे नाव घालायचे. या एका जागेखेरीज निबंधात विषयाचा उल्लेख कोठेही येऊ नये अशी सक्त ताकीद होती, कारण मग खाडाखोड होते.

शेवटांपैकी दुसरा आमचा लाडका होता: "सारांश, प्रत्येकाने याचा विचार करून त्याप्रमाणे वागल्यास देशाचे भाग्य उजाडल्यावाचून राहणार नाही." आम्ही आगगाडी, मातृभक्ती, तंबाखूचे व्यसन आणि उंदीर हे चारही विषय त्यात बसवून पाहिले होते. उंदीर थोडा अवघडून बसला, पण बसला. पंतांनी दहापैकी नऊ गुण दिले.

आता गिरणीच्या भोंग्याविषयी. सोलापूर भोंग्यावर उठते, भोंग्यावर जेवते आणि भोंग्यावर निजते, हे सर्वश्रुत आहे. घड्याळे ज्यांच्याकडे होती तेही ती भोंग्याला लावीत. पंतांचा तर घड्याळावर मुळीच विश्वास नव्हता. "घड्याळ घरचं असतंय," ते म्हणत, "भोंगा कंपनीचा असतोय." वर्ग साडेसहाला सुरू होई. सातच्या भोंग्याला आरंभ संपवून मध्य घ्यायचा, साडेसातच्या भोंग्याला मध्य जिथे असेल तिथे सोडून शेवट घ्यायचा. परीक्षेचा पेपर अकराला सुरू होई आणि गिरणीच्या जेवणाच्या सुट्टीचे दोन भोंगे नेमके साडेअकरा आणि बाराला होत. हा योगायोग नसून आपल्या पद्धतीला मिळालेला कौल आहे, असे पंत मानीत. शेवट लिहिल्यावर मात्र पुढे एक अक्षरही लिहायचे नाही. आरती झाल्यावर कोणी पुन्हा पूजा मांडत नाही.

सन १९२७ साली या वर्गात आम्ही बेचाळीस जण होतो. मी स्वतः शाळाखात्याच्या कचेरीत उमेदवार कारकून होतो. फायनल पास झालो तरच कायम होणार होतो. बायका दोनच. एक लीला, म्युनिसिपालिटीतल्या हेडक्लार्कची मुलगी, आणि दुसरी दाक्षायणी.

दाक्षायणी वीस वर्षांची, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन आईकडे आलेली. आई नीलम्मा गिरणीत रीळ खात्यात कामाला होती. माढ्याच्या मुलींच्या शाळेत एका बाईची जागा रिकामी होती आणि दाक्षायणी फायनल पास झाली तर ती जागा तिला देण्याचे ठरले होते. न झाली तर तिने अक्कलकोटला भावाकडे, रेवणप्पाकडे, जाऊन राहायचे असेही ठरले होते. रेवणप्पाच्या घरात सहा मुले, एक म्हैस आणि भावजय एवढी मंडळी दाक्षायणीची वाट पाहत होती. तिला माढ्याला जायचे होते. हे ती कुणाला सांगत नसे, पण शाईची दौत ज्या तऱ्हेने धरून यायची त्यावरून कळत असे.

तिच्यात एक दोष होता. तिला भोंगा ऐकू येत नसे. कान उत्तम होते, पण पंतांनी रूळ आपटून आठवण केल्याशिवाय तिचा आरंभ संपत नसे. पंतांनी एकदा जाब विचारला तेव्हा ती म्हणाली, "आमी गिरणीच्या भिंतीला लागूनच राहतो की. भोंगा वाजला की न्हाई ते आमाला कळतच न्हाई. न्हाई वाजला तर मात्र जाग येती."

पंतांनी कपाळाला हात लावला. एवढ्या बुद्धिमान मुलीचे असे व्हावे याचे त्यांना फार वाईट वाटले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पंतांनी फर्मान काढले: यंदा तिसरा आरंभ, दुसरा शेवट. आम्ही पंतांच्या पाया पडून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी अकराला पेपर हातात पडला. विषय: "वेळेचे महत्त्व." आमच्या खोलीत आम्हीच बेचाळीस होतो. सर्वांनी विषयाचे नाव पाहून घेतले, म्हणजे मोकळ्या जागेत घालायला बरे, आणि आरंभाला हात घातला. अकरा वाजून सहा मिनिटांनी भोंगा झाला.

झाले होते असे की, गिरणीत नवा बॉयलर बसवला होता आणि त्याची परीक्षा त्याच दिवशी होती. बॉयलरचा पेपर आमच्यापेक्षा सोपा असावा, कारण अकरा वाजून अकरा मिनिटांनी त्याने दुसरा भोंगा दिला. आता कोणी म्हणेल, पाच मिनिटांत अर्धा तास होतो काय? हे म्हणणे सोपे आहे. दोन महिने रोज सकाळी ज्यांच्या हाताला वळण लागले आहे त्यांचा हात डोक्याला विचारायला थांबत नाही. पहिल्या भोंग्याला एक्केचाळीस टाक दौतीत बुडाले आणि मध्यावर आले. दुसऱ्या भोंग्याला ते शेवटावर आले. सव्वाअकरापर्यंत देशाचे भाग्य एक्केचाळीस वेळा उजाडले होते.

मग आम्ही हाताची घडी घालून एक तास बसलो. साडेअकराला आणि बाराला खरे भोंगे झाले, पण शेवट लिहून झाला होता, करता काय?

दाक्षायणी पहिल्या बाकावर होती. पंतांचा रूळ नव्हता आणि मागे बघायची बंदी होती. ती खाली मान घालून सुचेल तसे लिहीत राहिली. सव्वाबाराला घंटा झाली आणि सुपरवायझरने तिच्या हाताखालून कागद ओढून घेतला, तेव्हा ती वाक्याच्या मध्यावर होती.

पेपर तपासायला डेपुटी इन्स्पेक्टर आबासाहेब यांच्याकडे आले, म्हणजे आमच्याच कचेरीत. गठ्ठा मीच सोडला (माझाही पेपर त्यात होता, सरकारी कामात असल्या योगायोगांना हरकत नसते). आबासाहेब पहिला परिच्छेद वाचून मान डोलवीत, शेवटचा वाचून गुण देत आणि पुढचा पेपर घेत. एकाच आरंभावर त्यांना एक्केचाळीस वेळा मान डोलवताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. सर्वांना एक्कावन्न गुण पडले.

मग दाक्षायणीचा पेपर आला आणि आबासाहेबांची मान थांबली. त्यांनी तो पुढे वाचला. हे त्यांच्या हातून नोकरीत प्रथमच घडत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि शेरा लिहिला. त्याची नक्कल मीच केली असल्याने शब्द पाठ आहेत: "एक्केचाळीस निबंध शब्दशः समान आढळले. इतक्या मोठ्या संख्येने नक्कल होणे शक्य नसल्याने हे मतैक्य समजावे. बेचाळिसावा निबंध कोणाशीच जुळत नाही. सबब तो कोठून उतरला याची चौकशी व्हावी."

दाक्षायणीला कचेरीत बोलावणे गेले. ती आईला घेऊन आली. नीलम्मा त्या दिवशीचा रोज बुडवून, धुतलेले लुगडे नेसून बाहेरच्या बाकावर बसली.

"बाई, हा मजकूर कोणत्या पुस्तकातला?" आबासाहेबांनी विचारले.

"पुस्तकातला न्हाई साहेब. माझाच हाय."

"तुमचा असता तर इतरांसारखा असता." आबासाहेब कठोर नव्हते; ते समजावून सांगत होते. "यात 'माझी आई' असा उल्लेख आहे. ही आई कोणाची?"

"माझीच की. भाईर बसलीया."

आबासाहेबांनी दारातून डोकावून नीलम्माला पाहिले, पण तेवढ्याने पुरावा होत नव्हता. मला म्हणाले, "एकनाथराव, वाचा." मी वाचले: "आमच्या घरी घड्याळ नाही. माझी आई भोंग्याच्या आधी उठते, म्हणून तीस वर्षांत भोंग्याने तिला एकदाही उठवलेले नाही. गिरणीत पाच मिनिटे उशिरा गेले तर अर्धा रोज कापतात. पाच मिनिटे लवकर गेले तर कोणी काही देत नाही. यावरून असे वाटते की, वेळेचे महत्त्व हे ती कोणाची वेळ आहे यावर अवलंबून असते. आईची स्वतःची वेळ मी एकदाच पाहिली. गिरणी बंद होती आणि ती उन्हात बसून"

इथे कागद ओढला गेला होता.

मला पुढचे ऐकायचे होते. फार ऐकायचे होते. मी तोंड उघडून एवढेच सांगायला हवे होते की, साहेब, नक्कल आम्ही एक्केचाळीस जणांनी केली आहे. पण माझी नोकरी कायम व्हायची होती. मी कागदाची घडी घालून तो साहेबांपुढे ठेवला. त्याची लाज तेव्हा वाटली आणि आजही वाटते.

अखेर निर्णय असा झाला की, उमेदवाराने तोच निबंध समक्ष पुन्हा लिहून दाखवावा. वेळ पाऊण तास. घड्याळ माझ्या हातात. आबासाहेबांनी ताडून पाहण्यासाठी एक्केचाळिसांपैकी पाच पेपर टेबलावर मांडले. सर्वांत वरचा माझाच होता.

दाक्षायणीने त्या पेपरांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग दाराबाहेरच्या बाकाकडे. "साहेब," तिने विचारले, "माझा लिहू, का ह्यांच्यासारखा लिहू?"

"तुमचाच लिहा," आबासाहेब म्हणाले. "म्हणजे यांच्याशी जुळतो का ते बघता येईल."

तिला हसू आले. तिने पदराने ते पुसून टाकले आणि टाक उचलला. तिसरा आरंभ, मध्य, मोकळ्या जागेत "वेळेचे महत्त्व", दुसरा शेवट. नऊ मिनिटे लागली. बाहेर भोंगा झाला की नाही ते आठवत नाही.

आबासाहेबांनी तो पाचही पेपरांशी ओळीने ताडला. एका स्वल्पविरामाचाही फरक निघाला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"आता खात्री पटली," ते म्हणाले. "हा निर्विवाद तुमचाच."

बावन्न गुण पडले. जास्तीचा एक हस्ताक्षराचा. पहिला निबंध "अज्ञात पुस्तकातील उतारा" म्हणून दप्तरी दाखल झाला.

महिनाभराने दाक्षायणी आणि नीलम्मा दोघी माढ्याला गेल्या. मीही कायम झालो. रेवणप्पाने दुसरी म्हैस घेतली असे ऐकतो.

सहा वर्षांनी मी आबासाहेबांबरोबर तपासणीला माढ्याला गेलो. दाक्षायणीबाईंच्या वर्गात प्रत्येक मुलीकडे निबंधाच्या दोन वह्या होत्या. एक निळी, एक पिवळी. निळीतले सगळे निबंध एकसारखे होते. आबासाहेबांनी मान डोलवीत "शिस्त उत्तम" असा शेरा मारला. ते चहाला गेले तेव्हा बाईंनी पिवळी वही माझ्यापुढे सरकवली. "ही तुमी बघा. साहेबांना नको." एका मुलीने लिहिले होते: "बाजारात माझा बाप वांगी विकतो आणि मी ओरडते. माझा आवाज मोठा आहे. शाळेत हळू वाच म्हणतात, पण मग वांगी कोण घेणार?"

मी विचारले, "बाई, तुमच्या त्या निबंधातली आई उन्हात बसून काय करत होती?"

"काय न्हाई," बाई म्हणाल्या. "नुसती बसली होती. तेच तर लिहायचं होतं."

हे लिहीत असताना बाराचा भोंगा झाला आहे, तेव्हा नियमाप्रमाणे आता शेवट घेणे प्राप्त आहे. सारांश, प्रत्येकाने याचा विचार करून त्याप्रमाणे वागल्यास देशाचे भाग्य उजाडल्यावाचून राहणार नाही.

शेवटानंतर एक अक्षरही लिहू नये हे मला माहीत आहे. पण वाचकांनी एकवार या लेखाचे पहिले वाक्य पुन्हा पाहावे. पंतांचा तिसरा आरंभ तो हाच. त्यात कदर करण्याजोगी "ही गोष्ट" कोणती, ते मी कुठेच सांगितलेले नाही, आणि मला स्वतःलाही ते ठाऊक नाही. आपण मात्र ते वाक्य वाचून मान डोलावलीत आणि पुढे आलात. आबासाहेबांनीही तेच केले होते. फरक एवढाच की, त्यांना त्याचा पगार मिळत होता.