बाळारामशेठना वेग हवा होता

बाळारामशेठ कुठल्याही गोष्टीचा भाव विचारत नसत, वेग विचारत. नवा पंखा असो, नवी म्हैस असो, नाहीतर शेजारी नुकतीच आलेली सून असो, "इस्पीड कवरा हाय?" हा पहिला प्रश्न. त्या सुनेच्या सासूने पुढे त्यांना चहा विचारणं सोडलं.

बारवी धरणाच्या अंगाला त्यांचं गाव. बदलापूर स्टेशनजवळच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ते यायचे आणि मला 'इंजिनेर' म्हणायचे. माझ्या घरच्यांनीसुद्धा मला कधी एवढा मान दिला नाही. गावातल्यांनी जमिनी विकून जीप घेतल्या. शेठनी कॉम्प्युटर घेतला. वीज पाहुण्यासारखी यायची, न सांगता आणि चहापुरती. फोनच्या तारेवर नेट जोडलं की मशीन शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं ओरडायचं. मग एखादा फोटो वरून खाली, पदर सावरत उतरायचा. कपाळ दिसेपर्यंत भात शिजायचा, हनुवटी दिसायच्या आत लाइन जायची.

"मना ब्रॉडबँड पायजे," शेठनी एक दिवस पारावर जाहीर केलं.

"बँड? लगीन कोनाचा?" गावाने विचारलं.

त्या दिवसापासून शेठ टेलिफोनच्या कचेरीत हेलपाटे घालू लागले. एकदा मीही सोबत होतो. साहेब खुर्चीत गोल फिरत म्हणाले, "शेतकऱ्याला एवढा वेग कशाला हो? भात काय लवकर पिकणार आहे?"

"नाय पिकत," शेठ शांतपणे म्हणाले. "पन सायेब, या खुर्चीचा इस्पीड कवरा हाय?"

पुढे निवडणूक आली, तेव्हा एका पुढाऱ्याला आमचा विषय आवडला. गावाच्या वेशीवर 'हायटेक गाव' अशी पाटी लागली, नारळ फुटला, भाषण झालं, पेढे वाटले. नेट सोडून सगळं आलं.

मग कळलं, केबल शेतांमधून न्यावी लागेल आणि चर खणायला कुणी जागा देत नाही. नेटमुळे कणसं पोचट राहतात, असं एका शहाण्याने पसरवलं होतं. शेठ साहेबांना म्हणाले, "माझ्या शेतातून न्या." शेतात भात उभा होता, दाणा भरत आला होता. कापणीपर्यंत थांबा, असं साहेबसुद्धा म्हणाले. शेठ थांबले नाहीत. त्यांनी स्वतःच पहिली कुदळ मारली. गावाने कपाळावर हात मारला. मीही मारला.

लाइन सुरू झाली त्या दिवशी मी कॅमेरा बसवायला गेलो. शेठ धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून बसले होते. "आता शेअर बाजार का शेठ?" मी विचारलं.

"तू क्यामेरा लाव."

पडद्यावर एक तरुण बाई आली. तिच्या मागे भिंतीवर भांड्यांची मांडणी. ती हसली, पण आवाज येईना. मी स्पीकर हलवला, वायरी उपसल्या, टेबलाखाली शिरलो.

"शेठ, आवाज जातोय कुठेतरी."

"आवाज नसतोच तिला," शेठ म्हणाले. "माझी पोर हाय, सुमन. जलमापासून आयकू येत नाय, बोलताबी येत नाय. पुन्याला दिली. जावईबी तसाच, पन कॉम्प्युटरवर काम करतो."

मी टेबलाखालीच राहिलो.

"फोन काय कामाचा आमाला? पत्र लिवते, पन पत्रात लय शहान्यासारखी वागते. हातानं कशी भांडते! त्या जुन्या नेटावर तिचे हात मधीच थिजायचे. अर्धा बोलना हवेतच ऱ्हायाचा."

मी बाहेर आलो. पडद्यावर सुमनचे हात भराभरा फिरत होते, कुठेही न अडकता. तिने डोळे वटारले, बापाच्या गालांकडे बोट केलं, पोटावर हात मारला. शेठनी दोन्ही हात वर करून काहीतरी खोटं सांगितलं असावं, कारण ती आणखी चिडली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"बारीक झालू म्हंते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इंजिनेर, तू जरा भायेर बस. बापलेकीचा भांडान हाय."

मी ओट्यावर जाऊन बसलो. आत बराच वेळ चिडीचूप होतं. मग शेठ एकटेच खो खो हसले.