घोडीकडे पाठ

हंबीरराव दफेदार सकाळपासून सातव्यांदा घोडीच्या मागं वाकले, तिच्या सडांकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "मेणावानी चीक धरलाय. पर दुधाचा थेंब न्हाई. व्यायाला येळ हाय."

शेजारच्या नाथाजीनं ही बातमी अंगणात जमलेल्या मंडळींना पोचवली. मंडळी आपापसांत कुजबुजली. मोठ्यानं बोलायला दफेदारांची मनाई होती.

लढाई संपून दोन वर्षं झाली होती. लष्करात बारा वर्षं घोड्यांमध्ये काढून हंबीरराव कडेगावजवळच्या आपल्या वाडीत परतले, ते एक शिट्टी आणि घोड्यांविषयीचं अफाट ज्ञान घेऊन. वाडीला त्या ज्ञानाचा मोठा दरारा होता. घोडा शिंकला तरी का शिंकला हे दफेदार सांगत आणि लोक तोंडाचा आ करून ऐकत.

पण गेल्या चैत्रात त्या ज्ञानाचा काही उपयोग झाला नाही. लाखी ही त्यांची लाडकी घोडी पहिल्यांदा व्याली, तेव्हा ते कागदपत्रांसाठी साताऱ्याला गेले होते आणि त्यांची बायको शालूबाई उसाच्या रानात होती. परत येऊन बघतात तर गोठ्यात धडधाकट शिंगरू निपचित पडलेलं, तोंडावरचा पातळ पडदा तसाच. दोन बोटांनी तो फाडला असता तर जीव वाचला असता. एवढंसं काम, पण ते करायला माणूस नव्हतं. दफेदारांनी स्वतः खड्डा खणून शिंगराला पुरलं आणि दोन दिवस ताटाला हात लावला नाही.

यंदा लाखी पुन्हा गाभण राहिली तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं, की घोडीवरून नजर म्हणून काढायची नाही.

अकरा महिने भरत आले तशी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं पहाऱ्याची यादी लिहिली गेली. दोघे जागे, दोघे झोपलेले, आणि दफेदार कायमचे जागे. गोठ्यात शिरणाऱ्याला हटकायचं, असा हुकूम होता. शालूबाई वैरणीची पेंढी घेऊन आली तरी आतून आवाज यायचा.

"थांब. कोन हाय?"

"तुमची बायकू."

"पुढं ये."

घोडीवर लष्करी पहारा बसलाय ही बातमी चार वाड्यांवर गेली आणि माणसं बघायला येऊ लागली. बायकांनी तर लाखीची ओटी भरली. तिनं तांदूळ खाल्ले, गूळ खाल्ला आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून हिरवा खणही खाल्ला. मग दोन दिवस दफेदार काठीनं लीद उकरून खणाचा तपास करीत होते. तिसऱ्या दिवशी खण सापडला तेव्हा नाथाजीनं हात जोडले.

दिवस भरले, वर चार गेले, तरी लाखी व्यायची चिन्हं दिसेनात. दफेदारांनी विचार केला आणि दोष गोंगाटावर ठेवला. घोड्याचं जनावर नाजूक, त्याला शांतता लागते. झालं. गल्लीतली जाती बंद झाली. कोंबडे डालग्याखाली घालून ओढ्यापलीकडे नेले. लोहारानं भट्टी विझवली. खोकल्याची उबळ आली की म्हातारे पाटलाच्या मळ्यापर्यंत चालत जाऊन खोकून येत. बाराजण लाखीच्या मागं ओळीनं, श्वास रोखून, टक लावून बसत, आणि लाखी कान टवकारून, मान वळवून त्यांच्याकडे बघत उभी राही. बसायचं नाव काढीना.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी धुळा गोठ्याच्या दारात येऊन उकिडवा बसला. धुळा मेंढका. खतासाठी त्याची मेंढरं दफेदारांच्या रानात बसायला होती. त्यानं बराच वेळ घोडीकडे पाहिलं, मग घोडीकडे बघणाऱ्यांकडे पाहिलं.

"दफेदार, राग येनार नसंल तर बोलतो."

"बोल की."

"रानात समदं चिडीचाप झालं म्हंजी मेंढरू काय समजतंय? लांडगा आलाय. आन मागनं टक लावून कोन बघत बसतंय? त्यो बी लांडगाच. असं असल्यावर कुटलंबी जित्राब व्यायाचं न्हाई. आवळून धरतंय."

दफेदारांच्या मिशा थरथरल्या. "म्हंजी मी लांडगा?"

"तुमी न्हाई वो. पर तुमी दफेदार हायसा, ह्ये घोडीला कुटं ठावं हाय?"

"बारा वर्सं घोड्यांत काढली म्या. तू मेंढरं बघ जा."

धुळा उठून गेला. शालूबाई अंगण झाडत होती. ती एकाच जागी बराच वेळ झाडत राहिली.

दुसऱ्या दिवशी कडेगावचा बाजार होता. बघून बघून वाडी कंटाळली होती, त्यात घराघरातलं पीठ संपलेलं. सकाळीच गल्ली रिकामी झाली. पहाऱ्यावरच्या नाथाजीलाही घरात मीठ नसल्याची एकाएकी आठवण झाली. उरले दफेदार, पालथ्या पाटीवर बसलेले, डोळे लाल.

दुपार कलताना शालूबाई सूप घेऊन समोर उभी राहिली.

"अवं, घरात चिमूटभर पीठ न्हाई. जोंधळं दळाय पायजेत."

"लाखी व्याली की दळ."

"ती व्यायाच्या आदी आपुन उपाशी मरू. आन माज्यासंगं दळनारी राहीबाई गेलीया बाजारला. जात्याच्या खुट्ट्याला दुसरा हात तुमचा लागंल."

दफेदारांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. चिटपाखरू नव्हतं. पोटात मात्र कालपासून कण नव्हता. "दोन घास दळू, बास," म्हणत ते सोप्यावर जात्यापाशी आले. सोप्यापुढं अंगण आणि अंगणापलीकडे गोठा. ते गोठ्याकडे तोंड करून बसणार, तोच शालूबाईनं ती जागा घेतली.

"तुमी हिकडनं बसा. मला ह्योच हात बसतूया."

बायकांच्या कामातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून दफेदार घोडीकडे पाठ करून बसले. त्यांनी तोफेचं चाक ओढावं तसा जात्याला हिसडा दिला. जातं घरघरलं. शालूबाई मुठीनं घास घालत गुणगुणू लागली. वाडीत नऊ दिवसांनी जात्याचा आवाज उठला होता.

थोड्या वेळानं तिची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि लगेच जात्यावर परत आली.

"काय झालं?" दफेदार मान वळवू लागले.

"फिरवा," ती म्हणाली आणि गाण्याचा सूर न मोडता तिनं त्यातच शब्द घातले,

"आडवी झाली बया, लाखी माझी गवतावर,
मागं नगा बघू राया, हात ऱ्हाऊ द्या खुट्ट्यावर."

दफेदारांनी खुट्टा घट्ट धरला. त्यांना उठायचं होतं. पण धुळाचं बोलणं आता कुठं डोक्यात शिरलं आणि ते जागचे हलले नाहीत. मागं पेंढा करकरला, पाणी सुटल्याचा आवाज झाला, लाखी खोल कण्हली. त्यांनी दात आवळून जातं फिरवलं. मागचं काही दिसत नव्हतं, पण शालूबाईचं तोंड समोर होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी त्या तोंडाकडे एवढं निरखून कधी बघितलं नव्हतं. तिच्या भुवया चढल्या की त्यांचा श्वास अडकायचा, ओठ सैल पडले की सुटायचा.

"एक खूर दिसला गं, त्याच्या मागनं दुसरा,
नाक टेकून पायांवर, पावना आला हासरा."

आधी पुढचे दोन पाय, मग नाक. म्हणजे शिंगरू सरळ होतं. दफेदारांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तरीही त्यांचा हात थांबला नाही.

अचानक शालूबाईचा सूर तुटला. "अवं, उठा आता. पडदा फाटला न्हाई."

ते उठले, पण मांडी घालून बसल्यानं पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते. दफेदार अंगणातून चक्क रांगत गेले. पेंढ्यावर ओलं, काळंभोर शिंगरू पडलं होतं, तोंडावर तोच पातळ पडदा. त्यांनी पिठाळ बोटं घातली आणि फाडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग शिंगराच्या फासळ्या हलल्या. ते शिंकलं, त्यानं डोळे उघडले आणि जगात पहिलं दर्शन घेतलं ते दफेदारांच्या मिशांचं. लाखीनं मान वळवून हलकेच हुंकार दिला. तसला मऊ आवाज तिच्या गळ्यात असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते गुडघ्यांवरच हात जोडून बसून राहिले.

दिवस मावळायला बाजारकरी परतले, तेव्हा शिंगरू तीनदा पडून चौथ्यांदा उभं राहिलं होतं आणि आईच्या सडांना झोंबत होतं. त्याच्या नाकावर पांढरा पट्टा होता.

"जन्मताच शुभलक्षण घिऊन आलंय," नाथाजी म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात लाखीनं जिभेच्या एका फटकाऱ्यानं ते शुभलक्षण चाटून टाकलं. धुळा तोंड फिरवून हसला.

नाथाजी दफेदारांपुढं बसला. "दफेदार, लष्करात असलं रग्गड बघितलं आसंल तुमी."

हंबीररावांनी शिंगरावरून हात फिरवला. आज खोटं बोलायची त्यांची इच्छा नव्हती.

"एक बी न्हाई. तितं समदी घोडी वाढलेली यायची, नंबर टाकून."

"म्हंजी ह्ये पयलंच बघितलंसा?"

"ह्ये बी न्हाई बघितलं," दफेदार म्हणाले. "मी दळत हुतो."

शालूबाई जात्याभोवतीचं पीठ गोळा करीत होती. तिनं चिमूट उचलून बोटांत चोळून बघितली.

"लय जाडंभरडं दळलंय," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून भाकरी थापायला आत गेली.